काबरीवरचे माझे उपचार

मंगळवार, ३ फेब्रुवारी १९५९. सकाळी ७.

कोल्हापूरच्या व्यापाऱ्याने पाठवलेली डायरी महिनाभर कोरीच पडली होती. लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं असं नाही, वेळ नव्हता. आज सुरुवात करतो, कारण डोकं चालवण्याजोगी केस हाती आली आहे.

काबरी आजारी आहे.

काबरी म्हणजे आमच्या घरामागच्या परड्यातली ठिपक्याठिपक्यांची कोंबडी. वय आठ. दुकानावर मंगलोरी कौलं चढली त्या साली अंड्यातून बाहेर आली. (डोक्यावर टोपली घेऊन सुके बांगडे विकत मिठबावात आलेला मी विश्राम आज तिठ्याच्या नाक्यावर विश्रामशेट म्हणून बसतो, हे कुणाच्या मेहेरबानीने नाही. असो.) रोज सकाळी दुकान उघडलं की ती फळीवरून उडी मारून आत येते, माझ्या हातावरचे तांदूळ खाते आणि साखरेच्या पोत्याला टेकून बसते. आज आली नाही. हाक मारली. आली, पण अंग फुगवून, सोसायटीच्या मीटिंगला यावं तशी. तुरा फिकट. तांदूळ तीन टिपले, चौथा नाही.

जिव्हाळा वगैरे काही नाही. माझ्या डोळ्यांसमोर कुणी आजारी पडावं आणि कारण मला कळू नये, हे मला चालत नाही. गावात औषधाचं कपाट आहे ते माझ्या दुकानात. खोकल्यापासून नायट्यापर्यंत लोक माझ्याकडेच येतात. डॉक्टर आठवड्यातून एकदा येतो. मी रोज असतो.

कावेरीला सांगितलं. बायको म्हणून तिने थोडी काळजी दाखवावी एवढीच अपेक्षा होती. ती तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "म्हातारी झाली ती. आयतवारी कापूया. वडे करतंय."

वडे करतंय! आठ वर्षांची ओळख.

निश्चय: आठ दिवसांत काबरी ठणठणीत.

बुधवार, ४ फेब्रुवारी.

डायग्नोसिस झालं. सर्दी.

माझे कान तिखट आहेत हे सगळा गाव जाणतो. दुकानाच्या फळ्यांपलीकडे बाकावर बसून लोक काय कुजबुजतात ते मला आत तराजू धरून ऐकू येतं. तेच कान काबरीच्या पाठीला लावले. आत घरघर. स्पष्ट. कावेरी म्हणते ती जात्याची घरघर, ती तेव्हा दळत होती. दळत होती खरी. पण दोन घरघरींतला फरक मला कळतो.

शेजारची शेवंती कुंपणावरून डोकावली. पंधरा कोंबड्या राखते, म्हणून तिला वाटतं आपल्याला कोंबड्यांतलं कळतं. म्हणाली, "शेटानु, पिसा उलटून बघा तिची. खुराड्यात पिसवो झाल्यो हत, रातीच्यो रगात पितत. खुराडा धुवा, राख मारा. बरी होतली."

राख! कपाटात पन्नास औषधं असताना राख! हसून सोडून दिलं. अडाणी आहे, पण मनाने चांगली.

उपचार: तुऱ्याला आणि चोचीच्या मुळाशी बाम.

संध्याकाळी ५. बाम लागू पडला. सकाळपासून न हललेली काबरी परड्याला तीन फेऱ्या मारून आली, डोकं मातीत घासलं, माझ्या पायांमधून दुकानात, दुकानातून रस्त्यावर. एवढी चपळाई महिन्याभरात पाहिली नव्हती.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी.

सर्दी नव्हती. म्हणजे होती, ती गेली. मूळ आजार पोटाचा आहे. मोठे डॉक्टरही आधी वरवरचं काढून टाकतात आणि मग मुळाला हात घालतात.

एरंडेल, दोन चमचे. कावेरीने धरायला नकार दिला. शेवटी भिकाजी गुरुजींनी पाय धरले. गुरुजी शाळेतले, संध्याकाळी पेपर वाचायला दुकानात येतात आणि पेपर संपला तरी बसतात. आज शाळेला सुट्टी होती, म्हणून सकाळीच आले. काबरीचे पाय धरून म्हणाले, शेट, मांड्या अजून भरलेल्या आहेत हो. निरीक्षण चांगलं आहे माणसाचं.

दुपारी ३. परिणाम गादीवर. माझ्या बैठकीच्या. अभ्रा कालच बदलला होता. तरी समाधान आहे. पोट साफ झाल्याशिवाय आजार हलत नाही.

काबरी आज पोत्याला टेकून बसली नाही. पोत्यामागे बसली. हाक मारली तर मान फिरवली. अशक्तपणा.

रविवार, ८ फेब्रुवारी.

आज वडे नाहीत. कावेरीने पीठ दळलं नाही, मीही विषय काढला नाही.

सकाळी आलं, मिरी, लसूण यांचा काढा. अर्धा काबरीच्या पोटात, अर्धा माझ्या सदऱ्यावर. दुपारी शेक, गरम विटकरीचा, फडक्यात गुंडाळून. संध्याकाळी काबरीने डोळे मिटले ते मी समोर असेपर्यंत उघडलेच नाहीत. विश्रांती घेते आहे.

पण तुरा आणखी फिकट. ही गोष्ट मला आवडली नाही.

सोमवार, ९ फेब्रुवारी.

एस्टीने तालुक्याला. काबरी पिशवीत, डोकं बाहेर. कंडक्टर म्हणाला, कोंबड्या टपावर. मी म्हटलं, ही कोंबडी नाही, पेशंट आहे. सगळी गाडी हसली. माझं बोलणं लोकांना आवडतं.

ढोरांचा डॉक्टर तरुण, घाटावरचा. काबरीचं वय विचारलं. सांगितलं. मग तो काबरीकडे न बघता माझ्याकडेच बघत राहिला. आतापर्यंत काय काय दिलं ते विचारलं. बामपासून शेकापर्यंत सगळं क्रमाने सांगितलं. त्याने पिसं उलटून पाहिली आणि म्हणाला, "वय झालंय, आणि पिसवांनी रक्त प्यायलंय. खुराडं धुऊन राख टाका. आणि कृपा करून औषध काही देऊ नका. कृपा करून."

दोनदा म्हणाला. याचं आणि शेवंतीचं एकमत झालं, यावरून सरकारी शिक्षणाचा दर्जा कळतो.

परत येताना काबरी पिशवीतून निघून माझ्या मांडीवर झोपली. वजन काहीच लागलं नाही. वाटेत दोनदा श्वास बघितला. शेजारच्या प्रवाशाने विचारलं, कापायला नेताय का? मी उठून दुसऱ्या खिडकीशी बसलो.

घरी आलो.  पेजेचं भांडं पुढ्यात ठेवताना कावेरी एवढंच म्हणाली, "गेल्या पावसात माका अकरा दिवस ताप होतो. तेवा तुमका एस्टी गावली नाय."

तो विषय वेगळा. तेव्हा दुकानात नारळ उतरायचे होते. शिवाय तिचा ताप साधा होता, मी काढा दिला, उतरला. त्याचं श्रेय मात्र कुणी देत नाही.

मंगळवार, १० फेब्रुवारी.

काबरीने दिवसभरात पाणीच घेतलं. तेही मी पाठ वळवल्यावर.

कावेरीने सकाळी खुराडं रिकामं करून उकळत्या पाण्याने धुतलं. मग चुलीतली राख टोपलीत भरून तिकडे नेली, मग काबरीला उचलून नेली. विचारलं, काय चाललंय. म्हणाली, साफसफाई. चांगली गोष्ट आहे. घर स्वच्छ असावं.

माझ्याकडचं शास्त्र मात्र संपत आलं आहे. उद्या दुसरं दार ठोठावणार.

बुधवार, ११ फेब्रुवारी. सकाळी ११.

राखणदाराकडे जाऊन आलो. आमच्या वाडीच्या वेशीवरचा देव, आंब्याच्या बुंध्याशी पाषाण. त्याच्यापुढे गाऱ्हाणं घालायचा मान बाबली घाडीचा. नवसाचं जे असेल ते तिथेच कापायचं, तिथेच शिजवायचं, वाडीतल्या पुरुषांनी तिथेच बसून खायचं. मुंडी आणि एक तंगडी बाबलीची. त्यामुळे बाबलीला वाडीतला कुठलाही आजार गंभीर वाटतो.

बाबली म्हणाला, "राखणदाराक कोंबो लागता." बोलताना नजर माझ्या घराच्या दिशेला, तांबड्या कोंबड्यावर. तसा कोंबडा पंचक्रोशीत नाही. आरवला की होड्यांवरच्या माणसांना ऐकू जातो. मी क्षणभर विचार केला आणि म्हटलं, काबरी बरी झाली तर काबरीच देईन.

बाबली गोंधळला. "म्हणजे बरी करून तीच कापूची?"

मी म्हटलं, देवाने जी वाचवली तिच्यावर हक्क देवाचाच. शाळा भरायला वेळ होता, म्हणून गुरुजी सोबत आले होते. म्हणाले, वा, अगदी तर्कशुद्ध. 

व्यवहार बघण्यासारखा आहे. मेली तर देणं नाही. जगली तर म्हातारी कोंबडी गेली, कोंबडा शिल्लक. देवापुढे हात जोडतानाही माणसाने दुकान विसरू नये.

बाबलीने गाऱ्हाणं घातलं. घातलं मात्र खणखणीत. "बा राखणदारा म्हाराजा! हो तुझो विश्रामशेट तुझ्या पायाकडे इलो हा म्हाराजा! तेच्या कोंबयेक आजार इलो हा, तो दूर कर म्हाराजा! कोंबी बरी झाली की तीच कोंबी तुका देतलो म्हाराजा!" जमलेल्या आठदहा जणांनी "व्हय म्हाराजा!" म्हटलं. एवढ्या उत्साहाने त्यांनी माझ्या मुलीच्या लग्नातही अक्षता टाकल्या नव्हत्या.

दुपारी ४. कावेरीला सगळा डाव समजावून सांगितला. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "बरी नाय झाली तर मरतली. बरी झाली तर तुमी मारतलास. मगे औषध कोणाक देतास?"

बायकांना लॉजिक नसतं.

संध्याकाळी ६. तरी प्रश्न अगदीच वाईट नाही.

गुरुवार, १२ फेब्रुवारी.

औषध बंद केलं. देवावर सोपवल्यावर मध्ये लुडबुड बरी नव्हे. कालच्या प्रश्नाशी याचा काही संबंध नाही.

रविवार, १५ फेब्रुवारी.

काबरी खाते आहे! तुऱ्याला रंग चढतो आहे. माझी औषधं उशिरा लागू पडतात, पण पडली की पक्की. एरंडेलाचा गुण नवव्या दिवशी दिसतो हे नोंद करून ठेवण्यासारखं आहे.

कावेरी अजूनही रोज खुराड्यात राख टाकते. तिला एखाद्या गोष्टीचा नाद लागला की लागला. शेवंती कुंपणावरून म्हणाली, "राखेन गुण दिल्यान मा?" कावेरीने तिला गप्प राहण्याची खूण केली. माझा अधिक्षेप होऊ नये म्हणून असावी.

मंगळवार, १७ फेब्रुवारी.

काबरीने बाजारातल्या कुत्र्याला वडाच्या झाडापर्यंत पळवलं. सगळा तिठा बघत होता.

दुपारी फळ्यांपलीकडे बाकावर गप्पा.

"शेटाची कोंबी बरी दिसता रे आता."

"बरी? मेल्या, कुत्र्याक पळवल्यान! आणखी आठ दिवसांनी भरात येतली बघ."

गावात दुसरा विषय नाही. केवढी ही माझ्या डॉक्टरकीची चर्चा!

बुधवार, १८ फेब्रुवारी.

गुरुजींनी काबरीला उचलून पाहिलं. डॉक्टर पेशंट तपासतो तसं नव्हे. छातीखाली अंगठा घालून, तोललं. मग खाली ठेवून म्हणाले, "प्रकृती उत्तम आहे, शेट. मसाला घरचा वापरणार की कुडाळहून मागवणार?"

मी त्यांना म्हटलं, पेपर वाचून झाला असेल तर द्या.

त्यानंतर बराच वेळ काबरीकडे बघत बसलो. ती पोत्याजवळ उकरत होती. आठ वर्षांत तिने माझ्याकडे काही मागितलं नाही, तांदूळ सोडून. नवस करताना कुणीतरी मला थांबवायला हवं होतं. गुरुजींसारखा शिकलेला माणूस शेजारी उभा होता, त्याने "तर्कशुद्ध" म्हटलं. शिक्षणावरचा विश्वास उडत चालला आहे.

शुक्रवार, २० फेब्रुवारी.

सकाळपासून बारकाईने ऑब्झर्वेशन केलं. काबरी वरवर बरी दिसते, पण आजार आत आहे. लक्षणं अशी: डावा डोळा उजव्यापेक्षा जास्त वेळा मिटते. चालताना मान पुढे-मागे होते. कारण नसताना एका पायावर उभी राहते. कधी कधी एकदम थबकून विचारात पडते.

कावेरी म्हणाली, कोंबड्या असंच करतात. सगळ्याच आजारी असतील.

रविवार, २२ फेब्रुवारी.

बाबली आला. पान खाल्लं. मग म्हणाला, "शेटानु, राखणदार वाट बघता."

मी त्याला डोळ्याचं सांगितलं, मानेचं सांगितलं. तो अंगणात गेला, काबरीकडे बघत राहिला. ती त्या वेळी फणसाच्या खालच्या फांदीवर उडून बसली होती. परत येऊन म्हणाला, "माजो डावो डोळो तिच्यापेक्षा वायट आसा."

मी म्हटलं, बरं होणं वेगळं आणि पूर्ण बरं होणं वेगळं. शिवाय सोमवारी कापाकापी चालत नाही. गुरुवारी माझा उपास. शनिवार मारुतीचा. बाबलीने बोटं मोजली. "बुधवार रवलो, शुक्रवार रवलो, आयतवार रवलो." मी म्हटलं, मंगळवार विसरलास. मग लक्षात आलं की मी कुणाच्या बाजूने बोलतो आहे.

मंगळवार, २४ फेब्रुवारी.

नवसाची कोंबडी अव्यंग लागते. लंगडी, आंधळी देवाला चालत नाही. हा नियम मला सकाळी सहा वाजता आठवला. व्यापारी माणसाचं डोकं सकाळी चांगलं चालतं.

काबरीच्या उजव्या पायाला बँडेज बांधलं. कपाटातलं, नवीन. खाली आधाराला बांबूची चपटी चोय. कावेरीला सांगितलं, कुणी विचारलं तर म्हणायचं फांदीवरून पडली. कावेरी म्हणाली, "मी खोटा बोलाचंय नाय. पण कोणी इचारल्यान तर आयकूक येना नाय असा करतंय." कधी कधी ती फार उपयोगी पडते.

दहा वाजता गुरुजी हजर. सोबत बाबली आणि आणखी चौघे. काबरी लंगडत होती. अगदी छान लंगडत होती. मी दुःखी चेहरा केला. सगळे गंभीर. बाबलीने टोपी काढली. एवढ्यात शेवंतीचा काळा कोंबडा कुंपणावर चढून आरवला आणि काबरी तिकडे धावली. बँडेज सुटत गेलं. एक टोक माझ्या अंगणात, दुसरं काबरीच्या पायाला, मध्ये गुरुजी. चोय बाबलीच्या पायाशी पडली. ती त्याने उचलली आणि माती झटकून मला दिली.

जाताना गुरुजी म्हणाले, बँडेज उत्तम बांधलं होतंत. कौतुक करण्यात हा माणूस कंजूष नाही.

गुरुवार, २६ फेब्रुवारी.

देवालाच विचारू म्हटलं. कौल लावला. पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवल्या: उजवी आधी पडली तर काबरी बरी, डावी पडली तर आजारी.

उजवी पडली.

मी म्हटलं, वारा होता. पुन्हा लावला. पुन्हा उजवी. वारा अजून होता. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा बाबली म्हणाला, "शेटानु, देव काय तुमचो तराजू नाय, तिसऱ्यांदा वजन करूक." आणि सगळ्यांसमोर दिवस जाहीर केला. येता रविवार.

परत येताना रस्त्यात तीन जणांनी तब्येत विचारली. माझी नाही.

शनिवार, २८ फेब्रुवारी. सकाळी ९.

काबरी आज आपणहून दुकानात आली. पोत्यावर चढली, तिथून गादीच्या कडेला. हात लांब ठेवून तांदूळ पसरले. खाल्ले. मी हललो नाही. गिऱ्हाईक आलं, त्याला थांबायला सांगितलं. त्याला मीठ हवं होतं. मीठ थांबू शकतं.

सकाळी ११. बाबलीकडे गेलो. आपण होऊन. कारण साधं आहे: देवाला म्हातारी, चिवट कोंबडी देणं शोभत नाही. माझ्या इभ्रतीचा प्रश्न आहे. म्हटलं, तिच्याऐवजी तांबडा कोंबडा घे.

बाबली बायकोकडे बघून हसला, मग माझ्याकडे. "तेवाच सांगलंय कोंबो, तर तुमी हुशारी केलास. आता देवान कोंबी आयकली हा. बदल करूचो तर मान द्यावो लागतलो."

मान म्हणजे: तांबडा कोंबडा. त्याच्या जोडीला दुसरा कोंबडा. पाच नारळ, केळ्यांचा घड, आणि अख्ख्या वाडीला वडे. मी घासाघीस केली. दुसऱ्या कोंबड्यावर तर खूपच ताणलं. बाबली म्हणाला, मग उद्या कोंबीच आणा. मी म्हटलं, दोन कोंबडे ठीक आहेत.

एकूण सौदा वाईट नाही. वाडीत नाव होईल.

दुपारी २. कावेरीला सांगितलं. वाटलं होतं, बोलेल. ती उठून जात्याजवळ गेली, शेवंतीला हाक मारली, दोघी वड्यांचं पीठ दळायला बसल्या. दळता दळता हसत होत्या. कशावर ते ऐकू आलं नाही. माझ्या कानांना न ऐकू येणारी ही पहिलीच गोष्ट.

रविवार, १ मार्च.

पार पडलं.

तांबडा कोंबडा मी स्वतः नेला. वाटेत तो आरवला. होड्यांपर्यंत गेला असेल.

चाळीस माणसं जेवली. वाडीत पुरुष तेवीस आहेत. उरलेले कुठून आले ते राखणदाराला माहीत. वडे कमी पडले, दोनदा घरून मागवले. गुरुजींनी चौथ्यांदा रस्सा घेतला आणि पाचव्यांदा मुद्दाम थोडा कमी घेतला. बाबलीला दोन मुंड्या, दोन तंगड्या. मी जेवलो नाही. पोट ठीक नव्हतं.

हात धुताना आंब्यामागे दोघे बोलत होते.

"म्हाताऱ्ये कोंबयेक सोडवक दोन कोंबे दिल्यान रे शेटान!"

"आणि बायलेक ताप इलो तेवा आल्याचो काढो."

माझा काढा लोकांच्या अजून लक्षात आहे हे ऐकून बरं वाटलं.

घरी आलो तेव्हा कावेरीने ताट वाढून ठेवलं होतं. पेज आणि आंब्याचं लोणचं. तिने माझ्यासाठी वडे ठेवलेच नव्हते, मी खाणार नाही हे तिने ओळखलं होतं. विचारलं, गेल्या पावसातला ताप कसा होता, फार होता का? ती म्हणाली, "आता कशाक?" आणि लोणच्याची फोड बाजूला सारली.  जेवलो.

सोमवार, २ मार्च.

उठायला उशीर झाला. कोंबडा आरवला नाही. तो कसा आरवेल हे नंतर लक्षात आलं. दुकान आठ वाजता उघडलं. तोवर गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली होती.

आज काबरीला नीट भेटायचं ठरवलं होतं. आता तिला कसलीच भीती नाही. ओंजळ भरून तांदूळ घेतले, परड्यात गेलो, नेहमीची हाक मारली. काबरीने मान वर केली, माझा हात पाहिला आणि कुंपणावरून उडून शेवंतीकडे गेली. आठ वर्षांची कोंबडी. एवढं उंच उडताना मी तिला पाहिली नव्हती. प्रकृती खरोखरच सुधारली आहे.

मंगळवार, ३ मार्च.

शेवंतीने संध्याकाळी काबरीला काखेत धरून आणून दिली. मी "ये गो" म्हटलं मात्र, पुन्हा पसार. शेवंती म्हणाली, "शेटानु, तुमचो आवाज आयकलो की तिका एरंडेल आठवता." कावेरी म्हणाली, "आवाज कशाक, तुमची सावली पुरे." शनिवारी दुकानात आली होती ती कशी, असं विचारलं. कावेरी म्हणाली, तेव्हा तुम्ही हललाच नव्हतात.

मी दोघींना शांतपणे सांगितलं की आजारातून उठल्यावर हवापालट लागतो. मीच तिला शेवंतीकडे पाठवायचं म्हणत होतो. चारसहा दिवसांनी येईल.

बुधवार, ४ मार्च. सकाळी ९.

कावेरीने युक्ती सांगितली. तांदूळ मागच्या पायरीवर ठेवायचे, दार ओढून घ्यायचं, आत थांबायचं. बोलायचं नाही, खोकायचं नाही. मग येईल.

ठेवले. दार ओढलं. दाराला कान लावून उभा राहिलो. थोड्या वेळाने पायरीवर टोच टोच. मग थांबलं. मग परत टोच टोच. टोचणं काबरीचंच, थोडं घाईचं, उजवीकडे झुकणारं. मला कान आहेत. तसाच उभा राहिलो. किती वेळ ते बघितलं नाही. दुकानापुढे कुणीतरी हाका मारत होतं.

विहिरीवरून कावेरी ओरडली, "कावळे खातत हो ते! तुमी दाराआड काय करतास?"

दुकान उघडलं, साडेआठला.